घोड्याचे चिलखत

२००६ सालच्या एप्रिल महिन्यात एका घोड्याला चिलखत मिळाले. घोडा खरा नव्हता, चिलखत खरे नव्हते, ज्या राज्यात तो घोडा धावत होता ते राज्यही खरे नव्हते. खरे होते ते फक्त अडीच डॉलर. त्या अडीच डॉलरांवरून तेव्हा जी बोंब उठली ती अजून पुरती थांबलेली नाही.

ज्यांच्या घरात रात्री दोन वाजता कॉम्प्युटरसमोर बसून "मेला, मेला!" असे ओरडणारे कोणी नाही, त्या भाग्यवंतांसाठी आधी थोडा खुलासा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बेथेस्डा नावाची कंपनी आहे. 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतले खेळ ती काढते. 'मॉरोविंड' २००२ चा, 'ऑब्लिव्हियन' २००६ चा, 'स्कायरिम' २०११ चा. हे पत्ते-कॅरमसारखे हारजितीचे खेळ नव्हेत. इथे तुम्हाला एक अख्खा देश देतात, कैदी म्हणून त्या देशात आणून टाकतात, आणि मग "जा बाबा, काय करायचं ते कर" म्हणून मोकळे सोडतात. तुम्ही तलवारबहाद्दर व्हा, मांत्रिक व्हा, नाहीतर सरळ चोर व्हा. ऑब्लिव्हियनमध्ये तर सुरुवातीलाच बादशहाचा खून होतो. मरता मरता तो राज्याची खूण असलेला ताईत तुमच्या हातात ठेवतो नि सांगतो, की एवढा पोचता कर. नाहीतर नरकाची दारे उघडतील. यावर खेळाडू काय करतो? ताईत पिशवीत टाकतो आणि रानात अळंबी गोळा करीत हिंडतो. महिना महिना हिंडतो. नरक तोवर अदबीने थांबतो. सरकारी कामाचे इतके हुबेहूब चित्र मी दुसऱ्या कुठल्याही करमणुकीत पाहिलेले नाही.

मूळ खेळ विकून झाला, की त्याच्या पुरवण्या निघतात. खेळाडू त्यांना एक्स्पान्शन म्हणतात. शाळेत पुरवणी मागणारा मुलगा हुशार समजला जातो. इथे फरक एवढाच, की पुरवणीचे पैसे पेपर तपासणाऱ्याने भरायचे असतात. साहजिकच तो तपासतोही दात-ओठ खाऊन.

घोड्याचे चिलखत ही अशीच एक चिमुकली पुरवणी. अडीच डॉलर भरा, राजधानीबाहेरच्या तबेल्यात जा, आणि तुमच्या घोड्याला पोलादी किंवा नक्षीदार असे चिलखत चढवून घ्या. दिसायला झकास. पण ऑब्लिव्हियनमध्ये घोड्यावर बसून लढताच येत नाही! शत्रू दिसला की आधी खाली उतरायचे आणि मग तलवार उपसायची. म्हणजे चिलखत कुणाला, तर ज्याच्या पाठीवरून लढाई होणार नाही त्याला. वरातीत नवरदेवापेक्षा घोडीचा साज भारी असावा, तशातली गत.

आता या प्रकरणी खेळाडूंनी जी मते दिली, देत आहेत आणि यावच्चंद्रदिवाकरौ देत राहतील, त्यांच्याविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. मी स्वतः हे खेळ खेळलेलो आहे. माझा भाचा आणि त्याचे चार मित्र दर रविवारी आमच्याकडे जमून या विषयावर जे रण माजवतात, तेही मी कोपऱ्यातल्या खुर्चीतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तेव्हा माझ्या अधिकाराबद्दल शंका नसावी.

पहिली गोष्ट. या पोरांना मते असतात म्हणून नाके मुरडणारी जी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. "काय तो पोरखेळ, आणि काय त्याच्यावर वाद!" असे म्हणणारे गृहस्थ संध्याकाळी कट्ट्यावर बसून पंचांनी दिलेल्या पायचीतवर दीड तास बोलतात. बरे, ते स्वतः क्रिकेट शेवटचे खेळले ते चाळीत, आणि तेही चेंडू गच्चीवर गेला की आउट या नियमाने. ही पोरे निदान ज्यावर बोलतात ते दोनदोनशे तास खेळलेली असतात. एखाद्या गावात दोनशे तास काढल्यावर माणूस तिथल्या पाण्याला नि रस्त्याला नावे ठेवू लागतो, कारण तो तिथला रहिवासी झालेला असतो. पाहुणा तक्रार करीत नाही. तो "छान आहे हो तुमचं गाव" म्हणतो आणि संध्याकाळची गाडी पकडतो.

आणि तक्रारी तरी काय एकेक नामी! गाण्यातली घराणी मोडकळीला आली म्हणून जे हळहळतात, त्यांनी एकदा या पोरांत येऊन बसावे. आमच्याकडच्या पाचांतले दोघे मॉरोविंड घराण्याचे. त्यांच्या मते २००२ नंतर जगात काही घडलेच नाही. मॉरोविंडमध्ये कुठे जायचे ते दाखवायला बाण नाही. गावातला माणूस तोंडी पत्ता सांगतो: पुलापलीकडे जा, नदी धरून उत्तरेला चला, दोन दगडांच्या मधून वर चढा. हे सगळे तुमच्या रोजनिशीत उतरते आणि तरीही तुम्ही चुकता. पेठेतले घर शोधलेल्या माणसाला यात नवल वाटायचे नाही. शिवाय तिथे तलवार समोरच्या उंदराच्या अंगातून आरपार गेलेली तुम्हाला डोळ्यांनी दिसते, पण आतल्या हिशेबात फासा उलटा पडलेला असतो, म्हणून उंदीर ठणठणीत राहतो. "पण मामा, हीच तर खरी गंमत!" असे त्यातला एक मला डोळे विस्फारून सांगतो. मग ऑब्लिव्हियनने बाण आणला, एका क्षणात गावोगाव पोचण्याची सोय आणली, आणि मॉरोविंड घराण्याने सुतक धरले. ते अजून सुटलेले नाही.

ऑब्लिव्हियनवाला एकटाच आहे, पण आवाज मोठा. त्याच्याकडे एक हुकमी पत्ता आहे. खेळात मारेकऱ्यांची एक गुप्त जमात आहे, तिच्यातली एक कामगिरी. पाच पाहुण्यांना एका बंगल्यात बोलावलेले असते, सहावे तुम्ही. एकेकाला टिपायचे असते, आणि उरलेले घाबरून तुमच्याकडेच येऊन विचारतात, की खुनी कोण असेल हो? हा प्रसंग त्याने काढला, की बाकीचे चौघे थोडा वेळ गप्प बसतात. मग कोणीतरी म्हणतो, "आणि ते काचेच्या चिलखतातले दरोडेखोर?"

इथे ऑब्लिव्हियनवाल्याचा चेहरा पडतो. कारण हे त्या खेळाचे मर्मस्थान आहे. तुम्ही जसजसे वाढत जाता, तसतसे सगळे जग तुमच्याबरोबर वाढते. सुरुवातीला फाटक्या कातड्यातला वाटमारी करणारा चोर तुम्हाला अडवून शंभर मोहरा मागतो. पुढे तुम्ही मातब्बर झालात, की तोच चोर हजारो मोहरांचे काचेचे चिलखत घालून उभा, आणि मागणी तीच, शंभर मोहरांची! अरे, ते हातमोजे वीक ना! त्यातून शहाण्या खेळाडूंनी तोड काय काढली, तर झोपायचेच नाही. ऑब्लिव्हियनमध्ये झोप काढल्याशिवाय बढती मिळत नाही. तेव्हा नायक झोपत नाही, म्हणून तो वाढत नाही, म्हणून चोरही गरीब राहतात. खेळातला नायक जागा आणि त्याला खेळवणारा आमचा भाचाही जागा. बहिणीची तक्रार फक्त दुसऱ्याबद्दल होती.

स्कायरिमवाल्यांबद्दल मी फार बोलत नाही. ते बहुमतात आहेत, आणि बहुमतातल्या माणसांना युक्तिवादाची गरज पडत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की अशा तक्रारींना फळ येते. मॉरोविंडमध्ये क्लिफ रेसर नावाचे एक उडते जनावर आहे. लांब चोचीचे, कर्कश, आणि चिकाटीने विमा एजंटाला मागे टाकणारे. चार पावले टाकली की आकाशातून चीत्कार, की थांबा, लढा, मारा, पुन्हा चाला. खेळाडूंनी या पाखराला इतके शिव्याशाप दिले, की ऐकणाऱ्याचे कान किटले. कंपनीने काय करावे? मॉरोविंडच्या अगदी पहिल्या प्रसंगात, कैद्यांच्या जहाजात, तुम्हाला झोपेतून उठवून नाव विचारणारा एक जिउब नावाचा कैदी आहे. दोन वाक्ये बोलतो आणि कायमचा नाहीसा होतो. पुढे ऑब्लिव्हियनमध्ये कानावर येते, की या जिउबने म्हणे त्या बेटावरून सगळे क्लिफ रेसर हुसकून लावले आणि त्याला संतपद मिळाले! स्कायरिमची 'डॉनगार्ड' ही २०१२ ची पुरवणी घेतली, तर तिथे परलोकात संत जिउबांचा आत्मा भेटतो. आपल्या पराक्रमाच्या पोथीची हरवलेली पाने शोधून द्या, म्हणून तुमच्या मागे लागतो. दहा पाने आहेत. मेल्यावरसुद्धा आत्मचरित्र पुरे करायची हौस! आमच्याकडचे पुष्कळ लेखक मला त्या वेळी आठवले. पण ते राहू दे. एका पाखराबद्दलच्या कुरकुरीतून एक संत जन्माला आला. याला मी उत्तर म्हणतो. खेळाडू बोलले ते करणाऱ्याने ऐकले, आणि त्याचे त्याने काहीतरी केले.

मग घोड्याच्या बाबतीत काय बिनसले?

ते सांगण्यापूर्वी खेळाडूंच्या एका मताचा मला समाचार घ्यायचा आहे, कारण सगळ्या दुखण्याचे मूळ मला तिथे दिसते. पुरवणी चांगली की वाईट हे ठरवायचे त्यांचे एक गणित आहे: किंमत भागिले तास. तीस डॉलरला तीस तास मिळाले, तर ताशी एक डॉलर, म्हणजे रास्त. पाच डॉलरला दोन तास मिळाले, की लूट. भाचा हा हिशेब इतक्या गंभीरपणे मांडतो, की तो रिक्षाचे मीटर बघतोय असे वाटावे. मी म्हणतो, अरे, कीर्तन काय ताशी भावाने ऐकतोस? पण ऐकत नाही. आणि गिऱ्हाईक तासांनी मोजायला लागले, की दूधवाल्याला पाणी घालायचे निमित्त मिळते. ऑब्लिव्हियनमधली नरकाची दारे घ्या. पहिल्या दारातून आत जाताना अंगावर काटा येतो. लाल आभाळ, जळते डोंगर, मनोऱ्यात टांगलेला माणूस. पाचव्या दारापाशी तुम्हाला जिना कुठल्या बाजूला ते पाठ झालेले असते. दहाव्या दाराशी तुम्ही नरकात शिरताना चप्पल बाहेर काढायचे तेवढे बाकी ठेवता. तास मात्र भरतात! स्कायरिमने तर कळसच केला. तिथे काही कामे अशी आहेत, की ती यंत्रच नव्याने जुळवून देत राहते, संपतच नाहीत. अमक्या गुहेत जा, तमक्याला मार, ये. आता तमक्या गुहेत जा. भाच्याच्या गणिताने हे अनंत तास, म्हणजे ताशी भाव शून्य, म्हणजे जगातला सर्वांत स्वस्त सौदा. मग त्याच कामांना सर्वांत जास्त नावे का ठेवतोस रे? यावर तो पाणी प्यायला उठतो.

आता त्याच्या उलट पाहा. २००७ च्या मार्चमध्ये ऑब्लिव्हियनची 'शिव्हरिंग आइल्स' नावाची पुरवणी आली. किंमत तीस डॉलर. म्हणजे बरोबर बारा घोड्यांची चिलखते. एका खाडीतल्या बेटावर दार उघडते, आणि पलीकडे वेडाच्या देवाचे राज्य. अर्धे राज्य उल्हासी वेड्यांचे, अर्धे खिन्न वेड्यांचे. तिथे भिंती अंगावर कोसळतील या धास्तीने घर सोडून रस्त्यावर झोपणारा एक गृहस्थ आहे. आकाशात उडणारी नाव बांधायची म्हणून जगातले सगळे चिमटे विकत घेत सुटलेली एक वल्ली आहे. देव स्वतः तर असा, की प्रेमाने बोलता बोलता "डोळे काढीन" म्हणेल आणि लगेच चीज खायला बोलवील. वेड्यांवर इतक्या मायेने केलेले लिखाण मी पुस्तकांतसुद्धा फार पाहिलेले नाही.

आणि या राज्याच्या वेशीवर एक राखणदार उभा आहे. मेलेल्या माणसांच्या मांसाचा घडवलेला, दोन पुरुष उंच राक्षस. त्याला मारल्याशिवाय आत जाता येत नाही. मारायचे उपाय दोन. एक, त्याच्यासारख्याच जुन्या राखणदाराच्या हाडांचे बाण. दुसरा उपाय म्हणजे त्याच्या आईचे अश्रू. ज्या बाईने त्याला घडवले, ती रात्री त्याच्यापाशी येऊन रडते. ते अश्रू मिळवायचे, तलवारीला लावायचे आणि त्याच्यावर चालून जायचे. विषासारखे लागतात ते त्याला. आमच्या पाचांतला जो सर्वांत आडदांड, ज्याने आजवर शेकड्यांनी भुते कापली, तो मला एकदा हळूच म्हणाला, "मामा, मी हाडांचे बाण वापरले. ते अश्रू मला वापरवेनात."

सांगा, हे ताशी कोणत्या भावाने लावायचे? त्या लढाईला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

मधल्या काळात 'नाइट्स ऑफ द नाइन' नावाची एक मध्यम आकाराची पुरवणी येऊन गेली. तिच्यात नऊ देवस्थानांची यात्रा केल्याशिवाय पवित्र शस्त्रे अंगाला लागत नाहीत, आणि यात्रेनंतर पुन्हा चोऱ्यामाऱ्या केल्यात तर ती गळून पडतात. की परत यात्रा. चोरांच्या टोळीत नाव घातलेल्या खेळाडूंनी यावर भयंकर आरडाओरडा केला. आमच्या घरी मात्र आजी या एकाच पुरवणीवर खूश होत्या. "पाप केलं की पायपीट! योग्यच आहे," म्हणाल्या. त्यांना ती पुन्हा पुन्हा करता येते हे आम्ही सांगितले नाही.

तर एकाच कंपनीने, एका वर्षाच्या आत, एका हाताने घोड्याचे चिलखत विकले आणि दुसऱ्या हाताने हे वेड्यांचे राज्य विकले. खेळाडूंना दोन्हींतला फरक कळत होता काय? शंभर टक्के कळत होता. चिलखताची त्यांनी जी टर उडवली तिला तोड नाही. घोड्याचे चिलखत हा शब्दच शिवीसारखा झाला. कुठल्याही कंपनीने कुठल्याही खेळात फालतू दागिना विकायला काढला, की "हे बघा, घोड्याचं चिलखत!" असे म्हणायची रीत पडली. चित्रे निघाली, विडंबने निघाली. आणि हे सगळे चालू असताना चिलखत विकत घेणारे ते घेतच होते. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षे. टर उडवणारे कोण आणि घेणारे कोण, म्हणून मी भाच्याच्या मित्रांत चौकशी केली. पाचांपैकी तिघांनी घेतले होते. तिघेही सर्वांत मोठ्याने हसणारे.

"गंमत म्हणून घेतलं, मामा."

हे जे 'गंमत म्हणून' आहे ना, माझे भांडण त्याच्याशी आहे. दुकानदाराच्या गल्ल्यात गंमत म्हणून टाकलेले नाणे आणि गरज म्हणून टाकलेले नाणे यांचा आवाज सारखाच होतो. पाचशे जणांनी लेख लिहिले, की हे चिलखत म्हणजे फसवणूक. त्या पाचशेंनी मतपत्रिका मात्र गल्ल्यात टाकली आणि तिच्यावर 'होय' छापलेले होते. कंपनीला तुम्ही हसताय की रडताय हे दिसत नाही हो, तिला आकडा दिसतो. आणि तिला दिसले तेव्हा तिनेही हसून दाखवले! २००९ च्या एक एप्रिलला तिने ऑब्लिव्हियनच्या बाकी पुरवण्या निम्म्या किमतीला काढल्या आणि घोड्याच्या चिलखताची किंमत दुप्पट केली. काय झाले? सगळे खदखदून हसले. गिऱ्हाइकाने केलेली थट्टा दुकानदाराने उचलून तिची पाटी करून दारावर लावली, आणि गिऱ्हाईक टाळ्या पिटतेय!

कोणी म्हणेल, अडीच डॉलर ते काय, ज्याला हौस आहे त्याने घ्यावे, तुमचे काय जाते? हा प्रश्न मलाही पुष्कळदा विचारला गेला आहे, आणि तो चुकीचा नाही. माझ्या शेजाऱ्याने घोड्याला सोन्याचे नाल ठोकले तर माझे काही जात नाही. पण गावातला लोहार एकच असेल आणि तो दिवसभर नाल ठोकत बसला, तर माझ्या विळ्याला धार लावणार कोण? आईच्या अश्रूंची युक्ती ज्याला सुचते, तो कारागीर फार महाग असतो. त्याला वर्ष लागते, आणि इतके करून लोक ताशी भाव काढतात. चिलखताला ना लेखक लागतो ना वर्ष. दोन्ही विकले जात असेल तर शहाणा मालक उद्या कशाची ऑर्डर देईल? आज खेळ कुठलाही उघडा, आधी टोप्या, अंगरखे, तलवारीचे रंग यांचे दुकान लागते आणि मग खेळ. हे सगळे त्या एका घोड्याच्या पाठीवरून आले असे म्हणणे घोड्यावर अन्याय होईल. पण वाट त्याने दाखवली, आणि मागून जी वरात निघाली तिच्यात नाचणारे आपणच होतो.

हसण्याविरुद्ध लिहितोय, आणि तेही विनोदी लेखांच्या पुस्तकात, याची मला कल्पना आहे.

न हसता काय होते तेही एकदा दिसले आहे. स्कायरिममध्ये खेळाडू स्वतःच नव्या वस्तू, नवी घरे, नवी गावे करून एकमेकांना फुकट देत आले आहेत, निव्वळ हौस. २०१५ च्या एप्रिलमध्ये ही हौस पैसे घेऊन विकायची सोय सुरू झाली. या वेळी नुसत्या चित्रांवर नि कोट्यांवर भागले नाही. माणसे सरळ संतापली. चार दिवसांत ती सोय गुंडाळली गेली आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत मिळाले. चार दिवस! घोड्याचे चिलखत इतकी वर्षे टिकले आणि हे चार दिवसांत गेले. चिडलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार भितो. हसणाऱ्याला तो चहा पाजतो.

सगळ्याच लहान पुरवण्या टाकाऊ असतात असे मात्र माझे म्हणणे नाही. २०१२ साली स्कायरिमची 'हार्थफायर' म्हणून पाच डॉलरची पुरवणी आली. तिच्यात जागा घ्यायची आणि घर बांधायचे, एवढेच. रविवार मंडळाने तिला एकमुखाने नापास केले. ड्रॅगन मारायला आलेल्या वीराला खिळे, कुलपे आणि बिजागऱ्या मोजायला लावतात म्हणून. मला ती फार आवडली. माती खणा, दगड फोडा, लाकूड विकत आणा, आधी एक खोली, मग माजघर, मग ऐपत असेल तर माडी. मग अनाथ पोरे दत्तक घ्या, ती घरात एखादे जनावर उचलून आणतात आणि "ठेवू या ना!" म्हणून मागे लागतात. ज्याने आयुष्यात कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या आहेत त्यालाच यातला थरार कळणार. ड्रॅगन काय, कोणीही मारतो. माझे मत अल्पमतातले आहे, पण ते वस्तूबद्दल आहे, भावाबद्दल नाही, आणि मत असावे तर असे असावे एवढेच मी त्या पोरांना सांगत असतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ऑब्लिव्हियन नवे रूप घेऊन पुन्हा आला. चेहरे सुधारले, आभाळ सुधारले. 'शिव्हरिंग आइल्स' साध्या आवृत्तीतच होती, वेगळी घ्यावी लागत नव्हती. शिवाय दहा डॉलर जास्त भरून घ्यायची एक थाटाची आवृत्ती होती, आणि तिच्यात काय असावे? घोड्यासाठी नवीन चिलखत. त्याच रविवारी मंडळ भरले. ऑब्लिव्हियनवाल्याने कंपनीच्या निर्लज्जपणावर पाऊण तास भाषण केले, ते मला फार आवडले. लोभ, परंपरा, खेळाडूंचा अपमान, सगळे मुद्दे होते. मॉरोविंडवाल्यांनीसुद्धा प्रथमच माना डोलावल्या. मग मी भाच्याला विचारले, की तू कोणती घेतलीस?

"थाटाची."

"का रे?"

"अहो मामा, घोड्याचं चिलखत आहे त्यात! गंमत म्हणून."

"मग, घातलंस का घोड्याला?"

"घोडा वापरतोय कोण," तो म्हणाला. "घोड्यावर बसून अळंबी तोडता येत नाहीत."